अर्ध्या वाट्याची चूल

“पारे, ए पारे, डोळं फुटलं का तुझं? ह्ये काय करून ठेवलंस?” तात्या ओरडत होते. तात्यांचा आवाज असा की खाली कापडे गावच्या थांब्यावर उभी असलेली एस.टी. आपल्यालाच कोणीतरी हाक मारतंय समजून जागची हलली नाही, आणि वरंधच्या घाटात म्हणे दोन ट्रक आपसूक बाजूला झाले. त्यांच्या उजव्या खांद्यावर शिमग्याची पालखी होती, पालखीत देव होता, देवापुढे गुलाल-नारळाचा ढीग होता आणि तात्यांच्या कमरेखाली करवंदीची जाळी होती. धोतराचा सोगा काट्यांनी असा धरला होता की सोडवायला वकील लागला असता. वरून खाजकुयलीच्या शेंगा, पिकून सोनेरी झालेल्या, वाऱ्यावर डुलत होत्या आणि आपली सगळी लव तात्यांच्या उघड्या पाठीवर भुरभुरवत होत्या. आमच्या वाडीचा नियम असा, की पालखी देवळातून निघाली की चौथऱ्यावर पोचेपर्यंत भुईला टेकवायची नाही, खांदा बदलायचा नाही आणि मानकऱ्याने दांड्यावरचा हात सोडायचा नाही. म्हणजे खाज सुटली तरी खाजवायचं नाही. तात्यांना डोक्यापासून टाचेपर्यंत खाज सुटली होती आणि देव त्यांच्या खांद्यावर निवांत बसला होता.

माझी आई रस्त्याच्या डाव्या अंगाला उभी होती. डावं अंग आरशासारखं. एक काटा नाही, एक खडा नाही, वरून शेणसडा घातलेला. पदर डोक्यावर, हात जोडलेले, नजर देवावर. तिच्याशेजारी मी उभी होते आणि हसू दाबता दाबता माझ्या बरगड्या दुखत होत्या. ढोल थांबले होते. सगळी वाडी आईकडे अशी बघत होती की नजरेने माणूस जळत असता तर त्या वर्षी होळीला वेगळी लाकडं आणावी लागली नसती. पण मला मात्र तात्यांच्या त्या ओरडण्याचा एकच अर्थ कळत होता. तात्यांनी आईचं नाव घेतलं होतं. तिच्या तोंडाकडे बघून, तिलाच उद्देशून. लग्न होऊन ती त्या घरात आली तेव्हापासून असं कधी घडलं नव्हतं.

तात्या म्हणजे माझे थोरले काका. आमची दोन घरं एकाच भिंतीला पाठ लावून उभी, एका बाजूला ते आणि काकी, दुसऱ्या बाजूला आई आणि मी. माझे वडील मुंबईला एका गोदामात कामाला होते, तिथेच काविळीने गेले. मी तेव्हा पहिलीत होते. आमच्याकडे थोरला दीर धाकट्या भावाच्या बायकोशी बोलत नाही, ही जुनी रीत. दुसऱ्यांनी ती नावापुरती पाळली, तात्यांनी ती हत्यारासारखी वापरली. काकी समोर असली तर म्हणायचे, “तिला सांग, कोंबड्या आवर.” काकी नसली तर मला सांगायचे. मी शाळेत असले तर गोठ्यात जाऊन गाईला सांगायचे, मोठ्याने, भिंतीपलीकडे ऐकू जाईल असं: “तिला म्हणावं, कुपान सरकवलंस ते दिसतंय आमाला.” आईही काही कमी नव्हती. ती चुलीपुढे बसून आमच्या तांबड्या कोंबडीला उत्तर द्यायची, “त्यांना म्हणावं, कुपान जागेवर हाय, डोळं सरकलेत.” माझ्या आठवणीत त्या गाईला आणि त्या कोंबडीला आमच्या भाऊबंदकीची जेवढी माहिती होती तेवढी पोलादपूरच्या तलाठ्यालाही नव्हती. गाय तर त्या भांडणांनी खंगत गेली.

पण खरं दुखणं गाईचं नव्हतं, वाट्याचं होतं. भात झोडून झालं की मार्गशीर्षात आमच्या वाडीची राखण असते. ग्रामदेवाला बकरं द्यायचं आणि त्याचे वाटे करून चुलीचुलीला वाटायचे. वाटे घालायचा मान तात्यांचा. देवळामागच्या खळ्यात ते सागाची पानं ओळीने मांडत आणि प्रत्येक पानावर मटणाचा ढीग करत. काळजाचा तुकडा, मानेचा तुकडा, एक नळी, थोडी चरबी. मग मागे सरून डोळे बारीक करून बघत, बोटाएवढं काळीज ह्या पानावरून त्या पानावर ठेवत, पुन्हा मागे सरत. पुण्यातला सोनार तराजू घेऊन आला असता तरी त्याला दोन ढिगांत फरक काढता आला नसता, हे मी तात्यांच्या शत्रूलाही सांगेन आणि तात्यांची शत्रू मीच आहे. ढीग मांडून झाले की पाठमोरा उभा राही. पाठमोरा म्हणजे वाडीतलं सगळ्यांत म्हातारं माणूस, त्या काळी गंगाराम आजा. तो ढिगांकडे पाठ करून डोंगराकडे तोंड करी. तात्या काठी एका ढिगावर टेकवत आणि विचारत, “ह्यो कोनाचा?” आजा न बघता सांगे, “धोंडूचा.” “ह्यो कोनाचा?” “बाळ्याचा.” ज्याने वाटे घातले त्याला निवडायचा हक्क नाही आणि जो निवडतो त्याला दिसत नाही. पुढे आयुष्यभर मी शाळेत पोरांना शिकवलं, नागरिकशास्त्राचे तासही घेतले, पण ह्याहून पक्की न्यायाची रीत मला कुठल्या पुस्तकात सापडली नाही. एवढंच, की त्या ओळीत आमचं पान नव्हतं.

ज्या चुलीला पुरुष नाही तिला अर्धा वाटा. तो ओळीत नाही, बाजूला, दगडापाशी, सागाचं नाही तर कुड्याचं एखादं फाटकं पान. पाठमोऱ्याला त्याबद्दल कोणी विचारत नसे, कारण तो कोणाचा हे आंधळ्यालाही ठाऊक. वडील जिवंत होते तेव्हा वर्षातून एकदा, गणपतीत, वाडीला तोंड दाखवायचे. राखणीला कधीच नसायचे. तरी वाटा पुरा. ते गेले त्या वर्षापासून अर्धा. जणू मुंबईत बसून तेच अर्धं बकरं खात होते. काम मात्र अर्धं झालं नव्हतं. देवळाची कौलं चाळायला आई जाई, पऱ्यावरचा, म्हणजे ओढ्यावरचा, लाकडी साकव बांधायला जाई, शिमग्याआधी पालखीचा रस्ता साफ करायची जी जोखीम वाडीने चुलीचुलीला वाटून दिली होती त्यातला आंब्यापासून पऱ्यापर्यंतचा, सगळ्यांत झाडोऱ्याचा तुकडा आमच्याकडे होता. तिथे कोणी म्हणालं नाही, की बाई, तू अर्धाच कर.

मी दहावीत होते त्या वर्षी राखणीला आई खळ्यात आली आणि दगडापाशी न थांबता ओळीच्या टोकाला उभी राहिली. पदराखालून सागाचं एक मोठं, धुतलेलं पान काढलं, काकीच्या हातात दिलं आणि म्हणाली, “जाऊबाई, भावजींना सांगा, माझं पान वळीत मांडा. कमीजास्त काय येईल ते येईल.” काकीने ते पान तात्यांपुढे धरलं. तात्यांनी आईकडे बघितलंसुद्धा नाही. देवळाकडे हात जोडून मोठ्याने म्हणाले, “देवा, बाईच्या चुलीला पुरा वाटा दिला तर उद्या बकराच इचारंल, माझा वाटा कुटं हाय.” खळं हसलं. असं हसलं की झाडावरची वानरं पळाली. धोंडूकाका हसताना खाली बसला, बाळ्याच्या बायकोनेही पदर तोंडाला लावला, आणि तिचा नवरा सहाच महिन्यांपूर्वी आजारातून वाचला होता, नाहीतर तीही दगडापाशीच उभी असती. आज ती बाई मला महाडच्या बाजारात भेटते, म्हणते, काय गो शके, तुझ्या आयशीसारखी बाई होनं नाय. मी म्हणते, तुझं हसणं मला अजून ऐकू येतं. ती कानाचं मशीन काढून ठेवते.

आईने अर्धा वाटा घरी आणला. सुकं खोबरं चुलीत भाजलं, कांदा भाजला, पाट्यावर वाटण वाटलं. तो वरवंट्याचा आवाज मला पाठ होता, पण त्या संध्याकाळी तो वेगळा होता, कोणाच्या तरी छातीवर चालल्यासारखा. तांदळाच्या भाकऱ्या टम्म फुगल्या. आम्ही दोघी चापून जेवलो. भिंतीपलीकडे तात्यांच्या घरी मुंबईचे पाहुणे होते, हाडं फोडल्याचे आवाज आणि “तात्या, बेस्ट झालंय, एक नंबर” असं चाललं होतं. आईने ताटातली हाडं कडेला ओळीने लावली आणि विचारलं, “शके, तुमच्या त्या इंग्रजी मास्तराला इचार. साहेबाच्या भाषेत बरोबरी करायला काय म्हनतात.”

इंग्रजीला आम्हाला पोलादपूरच्या शाळेत जाधव सर होते. महाडहून रोज येत, डोळ्यांवर जाड चष्मा, आणि वर्गात कोणी चूक केली तर मारत नसत, नुसतं बघत. ते बघणं मारापेक्षा वाईट. मी आईचा प्रश्न विचारला तेव्हा त्यांनी फळ्यावर ‘इक्वल’ लिहिलं. पोरं ओरडली, सर, हे गणितातलं आहे. सर म्हणाले, “गणितात ते दोन आडव्या रेघा आहे. माझ्याकडे ते क्रियापद आहे. क्रियापद म्हणजे कोणीतरी काहीतरी केल्याशिवाय ते घडत नाही. रेघा आपोआप बसलेल्या असतात, क्रियापदाला घाम येतो.” मग त्यांनी त्याची भावकी लिहायला घेतली. समानार्थी शब्दांना ते भावकीच म्हणत. “तोंडावळा सारखा दिसतो म्हणून फसू नका. एकाच्या चुलीवर दुसऱ्याचं भांडं चढत नाही.” मॅच, लेव्हल, टाय, राइव्हल. एकेक शब्द, एकेका दिवशी. आणि ते शिकवताना त्यांचा आवाज कोरडा व्हायचा. मागच्या बाकावरच्या एकाने एकदा विचारलं, सर, एवढ्या एका शब्दाला एवढे दिवस कशाला? सर म्हणाले, “आमच्या महाडात एक तळं आहे, त्याला जाऊन विचार.”

मी रोज संध्याकाळी एक शब्द घरी न्यायची आणि आई तो पाट्यावर घेऊन वाटायची. मॅच म्हणजे जोडीस जोड, असं मी सांगितलं. आईला तो मुंबईकरणींमुळे आधीच माहीत होता. “म्याचिंग ना? लुगड्याच्या रंगाचा पोलका. म्हंजे मी तात्याच्या रंगाची व्हायचं. नको गो बाय.” लेव्हल सांगितला तेव्हा ती म्हणाली, “खाचरात पानी सारखं उभं ऱ्हावं म्हनून लेवल करतात तीच? ती करायची तर उंचवटा खणावा लागतो. तात्या खणून घेईल सोताला?” टाय तिला कबड्डीवरून कळला. “दोघंबी घाम गाळून उपाशी घरी जातात ती. ती आता चाललीच हाय.” माझी नात आता फोनला विचारते आणि फोन एका दमात वीस शब्द ओकतो, एकाचीही चव न घेता. आमच्याकडे एका शब्दावर एक रात्रीचं वाटण व्हायचं. राइव्हल आला त्या दिवशी सरांनी सांगितलेलं मी जसंच्या तसं सांगितलं: राइव्हल करणं म्हणजे एवढं तोडीचं होणं, की समोरच्याला तुमच्याशी भांडावं लागतं, तुम्हाला ओलांडून जाता येत नाही. आईचा वरवंटा थांबला.

“म्हंजे भांडान?”

“भांडण करण्याच्या लायकीचं असणं.”

“तात्या माझ्याशी कवा भांडला का गो?”

मी आठवून बघितलं. गाईशी भांडले होते. काकीशी, माझ्याशी, देवाशी. “नाय,” मी म्हटलं.

“मला तो शब्द पायजे,” आई म्हणाली आणि वाटण पुन्हा सुरू केलं. दुकानात जाऊन चोळीचं कापड मागावं तसं.

शिमगा जवळ आला तशी वाडी रस्त्याला लागली. ज्याचा त्याचा तुकडा. कोयते, पारळ, फावडी. आई आंब्याखाली गेली, कमरेला पदर खोचला, काठीने रस्त्याची रुंदी मापली आणि मधोमध एक सुतळी बांधली. आंब्यापासून पऱ्यापर्यंत. मग सुतळीच्या डाव्या बाजूला जे काही उगवलं होतं ते तिने मुळासकट काढलं. दगड वेचले. खड्ड्यात माती भरून धुमसली. शेण सारवलं. सुतळीच्या उजव्या बाजूच्या एका पानालाही हात लावला नाही. उलट एक करवंदीची फांदी डावीकडे झुकत होती ती तिने हळूच, लेकराला कुशीवर वळवावं तशी, उजवीकडे वळवून दिली. खाजकुयलीचा वेल आंब्यावरून लोंबत होता. मी म्हटलं, आई, निदान तो तरी काढ. ती म्हणाली, “तो अर्धा माझा नाय.” आता हे आधी कोणाच्या लक्षात कसं आलं नाही, असं मला पुष्कळजण विचारतात. आमच्या वाडीत दुसऱ्याच्या तुकड्याकडे कोणी बघत नाही. बघितलं तर त्याच्या कामाला नाव ठेवलं असं होतं, आणि नाव ठेवलं की हातभार लावायची वेळ येते. शिवाय लोक पायाखालच्या त्या सारवलेल्या डाव्या पट्टीने एकामागे एक मजेत येत-जात होते. एकट्या माणसाला अर्धा रस्ता पुरतो. पालखीला पुढे दोघं लागतात, मागे दोघं. आणि पुढचा उजवा खांदा तात्यांचा, त्यांच्या आजोबांपासून.

तर आता पुन्हा पालखीकडे येते, तात्यांना बराच वेळ खाजेत उभं केलंय. डाव्या खांद्याचा धोंडूकाका गालिच्यावरून चालल्यासारखा सुखात. मागे सरकावं तर ढोलवाले, पुढे जावं तर जाळी, डावीकडे घ्यावं तर चौघं एका पट्टीवर मावत नाहीत आणि पालखी कलंडते. तात्यांच्या पाठीवर गांधी उठत होत्या, एवढ्या की मोजायला वर्गातली पोरं लागली असती. डोळ्यांतून पाणी. तेव्हा ते ओरडले, “पारे, ए पारे, डोळं फुटलं का तुझं? ह्ये काय करून ठेवलंस?”

आईने पदर सारखा केला. “माझा अर्धा वाटा झाडलाय, भावजी.” पहिल्यांदाच थेट. ना काकी मध्ये, ना कोंबडी. मग तिने उजवीकडच्या जाळीवर बोट टेकवलं, राखणीला तात्या काठी टेकवत तसं, आणि विचारलं, “ह्यो कोनाचा?”

पाठमोरा गंगाराम आजा गर्दीत होता, पण तो काही बोलला नाही. मग तात्यांनी जी शिवी दिली ती मी लिहीत नाही, पालखीत देव होता. आणि ते चालायला लागले. हे मात्र कबूल करायला हवं, माणसाने पालखी टेकवली नाही. त्या जाळीतून, काटे ओरबाडत, धोतराच्या चिंध्या मागे सोडत, आंब्यापासून पऱ्यापर्यंत गेले. पऱ्यात पाणी होतं, पण थांबून अंग धुवायची सोय नव्हती. त्या दिवशी चौथऱ्यावर पालखी टेकल्यावर तात्या जे खाजवायला बसले ते, वाडीत आजही सांगतात, पहिला पाऊस लागेपर्यंत.

मग आम्हाला वाळीत टाकल्यात जमा झालं. तसं तोंडाने कोणी म्हटलं नाही. पण विस्तव मागायला कोणी येईना, आमच्या दारावरून जाताना बायका बोलणं गिळायच्या. आवणाला, भात लावायला, माणूस मिळेना. आई आणि मी दोघींनीच खाचरं लावली, चिखलात वाकून वाकून मी एवढी वाकडी झाले की दहावीचा निकाल मी ओणव्यानेच वाचला. पास. आमच्या भाताच्या रोपांवर कोणाच्या तरी बैलांनी रात्रीत नांगर फिरवावा तसा गोंधळ घातला, बैल कोणाचे ते कोणाला ठाऊक नाही, म्हणजे सगळ्यांना ठाऊक. काकी मागच्या दाराने मूठभर सुकट द्यायची आणि पुढच्या दाराला आम्हाला शिव्या घालायची, दोन्ही मनापासून. मी लहान तोंडी आईला म्हटलं, काय मिळालं ग ह्यातून? तिने भिंतीकडे मान केली. भिंतीपलीकडून तात्या ओरडत होते, “पारे, तुझ्या कोंबडीनं माझी नाचनी उकरली.” आई उठून दारात गेली आणि तिथूनच ओरडली, “भावजी, तुमची नाचनी माझ्या कोंबडीच्या वाटेत पेरलीत.” असं रोज. सकाळी, दुपारी, दिवेलागणीला. नावानिशी. आईचा घसा बसला आणि चेहरा उजळला. गोठ्यातल्या गाईशी आता कोणी बोलत नव्हतं, ती पावसाळ्यात जोमाने दूध द्यायला लागली. मी जाधव सरांना भेटून हे सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, “शब्द मिळाला. वाटा मिळाला का?”

वाटा मिळाला नव्हता. दिवाळी झाल्यावर देवळात भावकी बसली. बायका बाहेर, मी खांबाआड. तात्यांनी तोडगा काढला होता. बाईकडून रस्ता काढून घ्यायचा, म्हणजे तिचं देणं नाही आणि आपलं घेणं नाही, उद्यापासून ती चूल वाडीच्या हिशेबात धरायचीच नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग तात्या म्हणाले, आंबा ते पऱ्या आता धोंडूनं करावा. धोंडूकाकाची मान डोलायची थांबली. “माझा तुकडा हाय की मला.” बरं, बाळ्यानं करावा. बाळ्या म्हणाला, “दोन तुकडे करायचे तर मला दीड वाटा पायजे.” “दीड कसा?” “बाईला अर्ध्या वाट्यात तेवढा रस्ता करायला लावत होता न्हवं? मी फुकट करू?” मग सगळेच बोलायला लागले. जो तो तुकडा नाकारत होता आणि नाकारताना वाटा वाढवून मागत होता, आणि बकरं तर एकच. तात्या एकेकाच्या अंगावर धावून जात होते. ह्या कलकलाटात गंगाराम आजा, ज्याला ढोलही धड ऐकू येत नसे, काठी आपटून म्हणाला, “सुतळी कोन बांदनार हाय ते ठरवा. बाई बांदनार असंल तर मी म्हनतो पान मांडा.” त्याला काय विचारलं असं वाटलं होतं देव जाणे. पण तेवढ्यावर, रस्ता आईकडेच आणि तिचं पान ओळीत, असं धरून सभा उठली. न्याय केला म्हणून नाही. आई वाईट वाटून घरी बसली असती तर आजही कुड्याच्या फाटक्या पानावर अर्धा वाटा येत असता. वाडी एकीने राहते, पूर्वी सगळं कसं समजुतीने व्हायचं, असं हल्ली आमच्या गावाच्या ग्रुपवर मुंबईहून रोज सकाळी कोणीतरी फुलांसकट पाठवतं. मी उलट उत्तर देत नाही. करवंदीच्या जाळीचा फोटो टाकते.

मार्गशीर्षात राखण आली. खळ्यात थंडी होती, तोंडातून वाफा निघत होत्या. तात्यांनी पानं मांडली. मी लांबून बघत होते. ओळ गेल्या वर्षीपेक्षा एका पानाने लांब होती आणि दगडापाशी काही नव्हतं. तात्या ढीग घालत होते, मागे सरून बघत होते, बोटाएवढं काळीज इकडून तिकडे. माझ्या मनात आलं, एक ढीग हळूच लहान करतील, मुद्दाम. पण केला असता तरी तो आमच्याच नावावर येईल ह्याची खात्री कोण देणार? त्यांच्या स्वतःच्याही नावावर आला असता. ती रीतच तशी पक्की. गंगाराम आजा डोंगराकडे तोंड करून उभा राहिला. तात्यांनी काठी टेकवली. “ह्यो कोनाचा?” “बाळ्याचा.” “ह्यो कोनाचा?” “तुजा.” आई ओळीच्या टोकाला, पदर खांद्यावर घट्ट, ओठ मिटलेले. आमच्या चुलीला काय नाव पडणार ह्याचीच मला धास्ती. वडिलांचं नाव घेतलं तर तो वाटा पुन्हा मुंबईलाच गेला असता. काठी मधल्या एका ढिगावर आली. “ह्यो कोनाचा?”

आजाने डोंगरावरून नजर काढली नाही. “पारीचा,” म्हणाला, आणि पुढच्याची वाट बघत उभा राहिला.

कोणी हसलं नाही. थुंकायला मात्र दोघे-तिघे उठून गेले. आईने वाकून पान उचललं. दोन्ही हातांनी, खालून तळवे लावून. मी धावत तिच्या जवळ गेले, मला नाचावंसं वाटत होतं, सरांना सांगायला महाडपर्यंत चालत जावंसं वाटत होतं. आई पानातल्या ढिगाकडे बघत उभी होती. मग तिने एक बोट घालून ढीग उलटापालटा केला, एक नळी बाजूला सारली, मानेचा मणका बाजूला सारला, आणि वर बघितलं. तात्या पऱ्याच्या पाण्याने सुरी धूत होते. ती तिथे गेली, त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभी राहिली.

“भावजी, माझ्या वाट्याला नुसती हाडंच आली.”

तात्यांनी सुरी धोतराला पुसली. वर न बघता म्हणाले, “हाडं समद्यांनाच हायत.”